ट्रेल आणि चिखल दोन्हीसाठी फोर बाय फोर एटीव्ही घ्यायचीये? सीसी सगळ्यात शेवटी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिलीच फोर बाय फोर एटीव्ही, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी हँडलवाली चारचाकी बाईक घ्यायची, राईड बहुतेक जंगलातल्या ट्रेलवर, अधूनमधून गुडघाभर चिखल, स्वतःचं वजन ८५ किलो, मन १००० सीसीच्या मड एडिशनवर बसलंय आणि मित्र म्हणतोय ५७० किंवा ७०० घे, पुरे होईल. वर सेकंडहँड चालेल का तेही विचारलंय. तर मित्र बरोबर आहे. फक्त तो जे कारण देतोय ना, की नवीन माणसाला मोठी गाडी झेपत नाही, ते काही खरं कारण नाही, थ्रॉटल तुमच्याच अंगठ्याखाली असतो, १००० सीसी पण हळू चालवता येते. खरं कारण वजन.

मी बरीच वर्षं सकाळी लोकांना ट्रेलवर घेऊन जातो आणि संध्याकाळी त्याच गाड्या धुऊन, उघडून दुरुस्त करतो, त्यामुळे दिवसा जे चुकतं ते रात्री माझ्याच हातात येतं. त्यावरून सांगतो.

होंडाची रँचर ४२० फोर बाय फोर पेट्रोल-ऑइल धरून साधारण २६५ किलो भरते. यामाहाची ग्रिझली ७०० साधारण ३१५. आणि कॅन-ॲमच्या आउटलँडर १००० ची एक्स एमआर, म्हणजे ती मड एडिशन, कोरडीच ४०० च्या वर जाते. आता कल्पना करा गाडी चाकोरीत पोटावर बसलीये, चारही चाकं हवेत फिरल्यासारखी नुसती राडा उडवतायत. २६५ किलोच्या गाडीचं एक टोक दोन माणसं उचलून बाजूला सरकवू शकतात, कंबर धरेल पण होतं ते. ४०० च्या गाडीला हात लावून काही उपयोग नाही, ती चिखलाने ओढून धरलेली असते, विंच (गाडी ओढून काढायची मोटर आणि दोर) काढायचीच. बरं जड गाडी हलकीपेक्षा आधी खचते हा वेगळाच भाग. होंडाने १९८६ साली फोरट्रॅक्स ३५० ही फोर बाय फोर आणली तेव्हा इंजिन ३५० सीसीचंच होतं आणि लोकांनी त्या गाड्यांवर चिखलात वर्षानुवर्षं कामं काढली. ४०० ते ७०० सीसीमध्ये तुमच्या वजनाच्या माणसाला ताकद कमी पडत नाही, कमी पडते ती पकड.

मड एडिशन वाईट असं मी म्हणत नाहीये हां. चिखलासाठीच चिखलात जायचं असेल, म्हणजे खड्डा शोधून त्यात उतरायचं, बाहेर यायचं, परत उतरायचं, तर ती गाडी त्यासाठीच बनवलीये, हवा घ्यायची नळी वर नेलेली, रेडिएटर उचलून वर बसवलेला, टायर मोठे. पण तीच गाडी झाडांमधल्या वळणावळणाच्या ट्रेलवर सहा तास चालवा, मग खांद्यांना विचारा कशी आहे.

आता पहिली गोष्ट जी मी बघतो ती मागचा एक्सल. दोन प्रकार असतात, एक सरळ दांड्यासारखा सॉलिड एक्सल आणि दुसरा स्वतंत्र सस्पेन्शनचा, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं. सॉलिड एक्सलवाली साधी, टिकाऊ, भागांची संख्या कमी, ओझं टाकलं तरी मागून बसत नाही. पण त्या एक्सलच्या मधोमध जी गाठ असते ती जमिनीपासून ६-७ इंचावरच असते आणि खोल चाकोऱ्यांत तीच गाठ नांगरासारखी मधला उंचवटा कापत जाते. स्वतंत्र सस्पेन्शनवाल्यांत पोटाखाली साधारण १० ते १२ इंच मिळतात. गुडघाभर चिखल म्हणताय तर स्वतंत्र सस्पेन्शनच घ्या, दगडांच्या ट्रेलवर पाठीलाही तेच बरं. तोटा एवढाच की सीव्ही जॉइंटचे, म्हणजे चाकाच्या दांड्यावरच्या वाकणाऱ्या सांध्यांचे, रबरी बूट चारऐवजी आठ होतात, आणि फाटलेला बूट दोन राईड दुर्लक्षिलात तर आतला जॉइंट चिखल खाऊन संपतो.

दुसरी गोष्ट, आणि हीच लोक शोरूममध्ये कधी विचारत नाहीत: पुढचा डिफ (डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी) नक्की काय करतो? फोर बाय फोर असं स्टिकर सगळ्यांवर असतं. पण साधा उघडा डिफ असेल तर पुढचं एक चाक मोकळं झालं की सगळी ताकद त्या मोकळ्या चाकाला जाते आणि दुसरं चाक, ज्याच्याखाली घट्ट जमीन आहे, ते गप्प उभं. म्हणजे नावाला चार आणि कामाला तीन. म्हणून प्रत्येक कंपनीने आपापला उपाय काढलाय आणि हे उपाय चालवताना अगदी वेगळे लागतात.

यामाहाच्या ग्रिझलीत बटण आहे, टू व्हील, फोर व्हील लिमिटेड स्लिप (अर्धवट लॉक), आणि फोर व्हील पूर्ण लॉक. लॉक केलं की पुढची दोन्ही चाकं एकत्रच फिरणार, विषय संपला. फक्त तेव्हा हँडल जड होतं आणि गाडी सरळच जायला बघते, त्यामुळे वळणावर लॉक सोडायचं. कावासाकीच्या ब्रूट फोर्स ७५० ला हँडलवर एक लिव्हर दिलीये, जेवढी दाबाल तेवढा पुढचा डिफ लॉक होतो, मला हे फार आवडतं पण चिखलात हँडल सांभाळत लिव्हर दाबून धरायची म्हणजे बोटं दुखतात. कॅन-ॲमचं व्हिस्को-लॉक आपोआप चालतं, पुढच्या दोन चाकांच्या वेगात फरक पडला की आतल्या घट्ट द्रवाचा दाब वाढतो आणि डिफ लॉक होत जातो. तुम्हाला काही करायचं नाही, पण चाक थोडं घसरल्याशिवाय ते जागं होत नाही, तेव्हा थ्रॉटल एकदम सोडायचा नाही, सावकाश दाबून ठेवायचा. पोलारिसची पद्धत आणखी वेगळी, बटण चालू केलं तरी पुढची चाकं लगेच ओढत नाहीत, मागची घसरली की रोलर अडकतात आणि मग दोन्ही पुढची चाकं एकदम ओढायला लागतात. ट्रेलवर हे मस्त, हँडल हलकं राहतं. पण उतारावर हे रोलर अडकत नाहीत, पुढची चाकं मोकळी फिरतात, त्यामुळे इंजिन ब्रेकिंग फक्त मागच्या चाकांवर मिळतं, चारही चाकांवर पाहिजे असेल तर उताराचा वेगळा मोड असलेलं मॉडेल बघावं लागतं. यामाहात फोर व्हीलमध्ये चारही चाकं रोखतात. माझ्याकडे नवीन लोक येतात, ओल्या उतारावर घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबतात आणि मागचा भाग पुढे यायला लागतो, त्यांना मी यामाहावरच बसवतो.

एक सवय सगळ्यांनाच लागू. फोर व्हील आणि लॉक चिखलात शिरायच्या आधी लावायचं. अडकल्यावर नाही. चाकं जोरात फिरत असताना बटण दाबलं तर आतल्या दातांवर जो धक्का बसतो तो एक दिवस बिल घेऊन येतो.

तिसरं, गिअरबॉक्स. बहुतेक गाड्यांत बेल्टचा सीव्हीटी असतो, दोन पुली आणि मधे रबरी बेल्ट. चालवायला सोपं, पण चिखलात त्याचे दोन शत्रू, पाणी आणि उष्णता. पाणी शिरलं की बेल्ट घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही. तेव्हा घाबरायचं नाही, बेल्टच्या कव्हरखालचा ड्रेन प्लग काढायचा, पाणी सोडायचं, न्यूट्रलमध्ये थोडं रेव्ह करायचं, बेल्ट सुकतो आणि गाडी पुन्हा चालते. उष्णतेचं तसं नाही, जळलेला बेल्ट परत येत नाही. आणि बेल्ट जाळायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे हाय रेंजमध्ये (वेगाच्या गिअरमध्ये) चिखलात रांगणं. ताशी १०-१२ किमीच्या खाली चालायचं असेल, चढ असेल, ओढायचं असेल, तर लो रेंज, म्हणजे हळू पण जोर देणारा गिअर. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका ओढ्यात हाय रेंजमध्येच झटके देत राहिलो, जळक्या रबराचा वास आला तरी म्हटलं येईल बाहेर, नाही आली, रात्री साडेनऊपर्यंत टॉर्चच्या उजेडात बेल्ट बदलत बसलो होतो आणि पुलीवर चिकटलेलं रबर नखांनी काढत होतो. तेव्हापासून सीटखाली एक बेल्ट आणि तो बदलायची हत्यारं कायम.

यामाहाच्या सीव्हीटीत बेल्ट कायम ताणलेला राहतो, सुटल्या-पकडल्यावर झटका बसत नाही, त्यामुळे तिथे बेल्ट बराच टिकतो हा माझा अनुभव. होंडाच्या रँचर आणि रुबिकॉनमध्ये बेल्टच नाही, खरे गिअर आहेत, बटणाने किंवा आपोआप बदलणारे. पाण्यात भिजून घसरण्याचा प्रश्नच मिटला. पण गिअर बदलताना एक छोटा खंड पडतो आणि खोल चिखलात वेग तुटला की गाडी थांबते, तेव्हा तिथे आधीच एक गिअर धरून ठेवायचा. रँचरला पुढचा डिफ पूर्ण लॉक होत नाही हेही माहीत असू द्या, नुसत्या ट्रेलसाठी चालेल, तुमच्या गुडघाभर चिखलासाठी मला कमी वाटतं.

आता टायर. यावर मी जास्त बोलणार कारण ५७० वर बरोबर टायर असले तर ती चुकीच्या टायरवरच्या १००० ला मागे टाकते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता गंमतही वाटत नाही. आधी चिखल कुठला ते बघा. पातळ, सूपासारखा, आणि खाली घट्ट तळ असेल तर उंच आणि अरुंद टायर पाहिजे, जो कापत खाली जाऊन तळ पकडतो. चिकणमाती असेल तर लग (टायरवरचे रबरी दात) खोल आणि एकमेकांपासून लांब पाहिजेत, म्हणजे फिरताना माती उडून जाते, जवळजवळचे लग चिकणमातीत दोन फेऱ्यांत गुळगुळीत होतात, टायर नाही नुसता मातीचा गोळा फिरतो. आणि दलदल, जिथे तळच नाही, तिथे खोल लगवाला टायर म्हणजे फावडं, स्वतःची कबर स्वतः खणतो. तिथे रुंद टायर, हवा कमी, हलकी गाडी आणि थ्रॉटल एकदम नरम.

तुमचं काम बहुतेक ट्रेलचं, तेव्हा मधला टायर घ्या, लग साधारण १ इंचाच्या आसपास. दीड-दोन इंच लगवाले टायर कडक जमिनीवर घरघरतात, वळताना डगमगतात आणि दगडांवर लवकर झिजतात. टायरवर २६-९-१२ असं काही लिहिलेलं असतं, पहिला आकडा उंची, दुसरा रुंदी, तिसरा रिम, सगळं इंचात. २६ चे २८ केले की पोटाखाली फक्त १ इंच वाढतो, २ नाही, कारण एक्सलच्या खाली टायरची अर्धीच उंची असते. आणि त्या एका इंचासाठी गिअरिंग जवळपास ८ टक्के लांबतं, २६ चे ३० केले तर १५ टक्के, म्हणजे पहिल्यापेक्षा बेल्टवर ताण जास्त, एक्सल आणि टाय रॉडवर (चाकं वळवणाऱ्या दांड्यांवर) जास्त, ब्रेकवर जास्त, आणि गाडी उंच झाली म्हणून तिरक्या उतारावर उलटायची भीतीही जास्त. दोन इंच वाढवायला हरकत नाही बहुतेक ७०० ना. त्याच्यापुढे जायचं असेल तर क्लचचे स्प्रिंग आणि वजनं बदलायची तयारी ठेवा, नुसते टायर बसवून फोटो काढू नका.

हवेचंही सांगतो, या टायरांत साधारण ५ ते ७ पीएसआय असते. कारच्या गेजवर एवढा कमी दाब नीट कळतच नाही, कमी दाबाचं वेगळं गेज मिळतं, ते घ्या. दोन्ही बाजूंच्या टायरांत १ पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते आणि लोक आठवडाभर अलाइनमेंट शोधत बसतात.

पाण्याबद्दल. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत पाय ठेवायच्या जागेच्या वर पाणी नको असं लिहिलेलं असतं, आणि ते फक्त इंजिन वाचवायला नाही. मोठ्या टायरांत भरपूर हवा असते, गाडी तरंगायला लागते, चाकं तळापासून सुटली की पकड शून्य आणि प्रवाह नेईल तिकडे तुम्ही. स्नॉर्कल (हवेची वर नेलेली नळी) बसवला म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्यापेक्षा एक कमी माहीत असलेली गोष्ट बघा: डिफ आणि गिअरबॉक्सच्या श्वास घ्यायच्या नळ्या कुठे संपतात. तापलेला डिफ थंड पाण्यात बुडला की आतली हवा आक्रसते आणि नळीचं तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी ऑइल काढा, दुधाच्या चहासारखं निघतं. नळ्या हँडलजवळ वर नेऊन बांधायला अर्धा तास लागतो. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत कार्बच्या नळ्या बुडल्या तर गाडी बंदही पडते, इंजेक्शनवालीत तो त्रास नाही.

रेडिएटरही लक्षात ठेवा. तो पुढे खाली असतो, चिखल बरोबर त्याच्या जाळीत भरतो, मग पंखा सारखा फिरतो आणि तापमानाचा दिवा लागतो. राईडमध्येच पाणी मिळेल तिथे जाळी धुऊन घ्यायची, घरी आल्यावर साध्या पाइपने आतल्या बाजूनं बाहेर. प्रेशर वॉशर जवळून मारला तर जाळीची पाती वाकतात आणि मग ती कायमची बंद.

पॉवर स्टिअरिंग घ्याच, यावर वाद घालत नाही. चाकोरीत चाक आपटलं की हँडलचा झटका मनगटात येतो, पॉवर स्टिअरिंग तो बराच खातं, आणि डिफ लॉक असताना तर त्याच्याशिवाय नकोच. आणि एकट्याची सीट असलेल्या गाडीवर मागे कोणाला बसवू नका, चढावर दोघांचं वजन मागे गेलं की पुढची चाकं उचलतात. दोघांना जायचं असेल तर लांब व्हीलबेसची दोघांचीच मॉडेल वेगळी मिळतात.

विंच मात्र टायरच्या आधी बसवा. सर्वसाधारण हिशोब गाडी, माणूस, सामान सगळं मिळून दीडपट, म्हणजे ३१५ ची गाडी आणि तुम्ही आणि थोडं सामान धरून ४२० झालं तर ६३० किलो. पण हा कोरड्या जमिनीचा हिशोब झाला, चिखल धरून ठेवतो त्याचं ओझं वेगळं. म्हणून ४०० ते ७०० सीसीच्या गाडीला २,५०० ते ३,५०० पौंडांची (साधारण ११०० ते १६०० किलोची) विंच लोक लावतात, आणि तीसुद्धा पूर्ण ताकद फक्त ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थरावर देते, म्हणजे दोर जवळजवळ सगळा बाहेर काढल्यावर. तेव्हा दोर आखडता घेऊ नका, लांबचं झाड धरा, किंवा एक पुली बरोबर ठेवा, दोर दुप्पट करून परत गाडीला अडकवला की ओढ जवळपास दुप्पट. झाडाला रुंद पट्टा लावायचा, नुसता दोर गुंडाळला तर झाडाची सालही जाते आणि दोरही. सिंथेटिक दोर तुटला तर तारेइतका फटका मारत नाही, हलकाही आहे, फक्त रेती बसली की आतून कातरतो म्हणून धुवायचा.

तर मी काय घेईन तुमच्या जागी? ग्रिझली ७०० किंवा तिच्या तोडीची, स्वतंत्र सस्पेन्शन, पूर्ण लॉक होणारा पुढचा डिफ, पॉवर स्टिअरिंग. बजेट कमी असेल तर पोलारिसची स्पोर्ट्समन ५७०, आणि ती घेतली तर उतारांवर जरा जास्त लक्ष. पहिले सहा महिने कंपनीचेच टायर, त्यात कुठे अडकताय ते बघा, मग टायर बदला.

सेकंडहँड चालेल, चांगल्या मिळतात, पण चिखलातली गाडी धुऊन चकाचक करून विकतात हे गृहीत धरा. सीट आणि प्लास्टिक बघूच नका. मीटरवर तास आणि किलोमीटर दोन्ही असतात, भागून बघा, ट्रेलवर चाललेल्या गाडीचा सरासरी वेग साधारण १०-१५ येतो. २०० तास आणि ५०० किमी असं असेल तर ती गाडी एकतर ओझी ओढत होती किंवा चिखलात एका जागी चाकं फिरवत होती. पुढचा डिफ, मागचा डिफ, इंजिन, तिन्ही ठिकाणचं ऑइल थोडं काढून रंग बघा. चाक वर उचलून वर-खाली हलवा, खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. बूट आठही हाताने चाचपा. पोटाखालची प्लेट काढायला सांगा, तिथे सुकलेला चिखल कोणी धुत नाही, आणि तिथेच फ्रेमला गंज धरतो. एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) तर उघडाच, फिल्टरच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला, पांढऱ्या कपड्याने आतून पुसा. मी एकदा एक गाडी घाईत घेतली, बाहेरून नवीकोरी, ते फडकं मी घरी आल्यावर फिरवलं, काळं-तपकिरी निघालं, म्हणजे धूळ आणि चिखलाचं पाणी थेट इंजिनात गेलेलं. दोन महिन्यांनी निळा धूर सुरू झाला, सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बदलले. विकणाऱ्याचा फोन तेव्हा लागेना. आता फडकं खिशात घेऊनच जातो.